कशावरून? : इंग्रजीत अंदाज बांधायला शिकवताना

इंग्रजीतली 'कॅन', 'कुड', 'मे', 'माइट', 'मस्ट', 'शुड', 'विल' ही साहाय्यक क्रियापदे दोन वेगळी कामे करतात. पहिले काम क्षमता, परवानगी, सक्ती आणि सल्ला सांगण्याचे. दुसरे काम बोलणाऱ्याला एखाद्या गोष्टीची कितपत खात्री आहे ते सांगण्याचे. 'यू मस्ट गो' म्हणजे तुला गेलेच पाहिजे. 'यू मस्ट बी टायर्ड' म्हणजे तू दमला असणार. पहिल्या वाक्यात समोरच्यावर बंधन येते. दुसऱ्यात नुसता तर्क आहे, समोरच्याने दमावे असा आग्रह नाही. मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवताना या दुसऱ्या कामावर बराच वेळ द्यावा लागतो. तो वेळ सार्थकी लागतो, कारण अंदाज बांधण्याची सगळी सामग्री या विद्यार्थ्यांच्या मातृभाषेत आधीपासूनच असते. फक्त ती इंग्रजीला जोडून देण्याचे काम कुणी केलेले नसते.

शाळेत हे काम मागे पडण्याचे कारण परीक्षेत सापडते. दहावी-बारावीच्या प्रश्नपत्रिकेत सक्ती किंवा क्षमता दाखवणारे 'मॉडल ऑक्झिलरी' वापरून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात आणि त्याची उत्तरे ठरलेली असतात : क्षमतेला 'कॅन', परवानगीला 'मे', सल्ल्याला 'शुड', सक्तीला 'मस्ट'. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधीच्या पिढीने ते पाचवीपासून शिकले. पण प्रौढांच्या वर्गात दोन्ही पिढ्या शेजारी बसतात, तेव्हा दोघांच्याही डोक्यात याच चार जोड्या पक्क्या असल्याचे दिसते. त्यामुळे 'मस्ट' म्हणजे 'पाहिजे' आणि 'मे' म्हणजे 'आत येऊ का?' एवढ्यावरच गाडी अडते.

खरी गरज नोकरीच्या जागी पडते. रात्रपाळीतून दिवसपाळीकडे यंत्र सोपवताना, रुग्णालयात एका परिचारिकेने दुसरीला रुग्णाची माहिती देताना, ग्राहकाशी फोनवर बोलताना कुणालाच सगळे माहीत नसते, आणि तरीही बोलावे लागते. रात्री पंप बंद पडलेला असतो आणि नोंदीत वाक्य उतरते, 'ऑपरेटर फर्गॉट टु ओपन द व्हॉल्व्ह.' लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की ऑपरेटर व्हॉल्व्ह उघडायला विसरला असावा. मराठीत हे त्याने विचार न करता अचूक सांगितले असते. इंग्रजीत जाताना 'असावा' गळून पडतो, आणि तर्क होता तो आरोप होतो. दुसऱ्या टोकाला काही जण प्रत्येक वाक्याला 'आय थिंक' किंवा 'मेबी' लावतात. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले कोणते आणि नुसते वाटलेले कोणते, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. पहिल्याच्या बोलण्यात खात्री जास्त वाटते, दुसऱ्याच्या बोलण्यात कमी. प्रत्यक्षात दोघांनाही आपली खात्री मोजून सांगता येत नसते.

वर्गात सुरुवात मराठीपासून केली की विषय लवकर उलगडतो. फळ्यावर एकच प्रसंग मांडायचा : सहकारी कामावर आलेला नाही, तो कुठे आहे? उत्तरे भराभर येतात. 'घरीच असणार.' 'घरी असेल.' 'घरी असावा.' 'घरी असू शकेल.' 'एव्हाना निघायला हवा होता.' 'घरी असणं शक्यच नाही, मी आत्ताच त्याच्या दारावरून आलो.' ही उत्तरे खात्रीच्या उतरत्या क्रमाने लावायला सांगितली, तर अनेकांचा क्रम बराचसा जुळतो. मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त 'असेल'सारखी रूपे ईलाख्यातात आणि 'असावा'सारखी वाख्यातात बसवलेली आहेत. विद्यार्थ्यांना ही नावे माहीत असण्याची गरज नाही. ती रूपे ते रोज बिनचूक वापरतात, आणि वर्गाला एवढे पुरते.

याच टप्प्यावर हटकून एक प्रश्न येतो : 'मॅडम, मग मस्ट म्हणजे नक्की काय? पाहिजे की असणार?' उत्तर मराठीतच मिळते. 'त्याने घरी असले पाहिजे' हे बंधन आहे. 'तो घरी असला पाहिजे' हा तर्क आहे. शब्द तोच, 'पाहिजे'. फरक 'त्याने' आणि 'तो' यांच्यात, आणि त्यामागोमाग बदलणाऱ्या क्रियापदात. मराठी हा फरक विभक्तीने उघड करते. इंग्रजीत 'ही मस्ट बी अ‍ॅट होम' या एकाच वाक्यात दोन्ही अर्थ राहतात आणि संदर्भावरून ओळखावे लागतात. स्वतःच्या भाषेतही एकच शब्द ही दोन्ही कामे करतो, हे लक्षात आल्यावर 'मस्ट'चे कोडे उरत नाही.

यानंतर इंग्रजीतल्या पायऱ्या क्रमाने उतरता येतात. सगळ्यात वर साधे 'इज' : पाहिलेले, तपासलेले, ठाऊक असलेले. त्याखाली 'मस्ट' : पाहिलेले नाही, पण खुणा अशा आहेत की दुसरा निष्कर्ष निघत नाही. दिवा चालू आहे, चपला दारात आहेत, तेव्हा 'ही मस्ट बी अ‍ॅट होम'. इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट पटायला वेळ लागतो. 'मस्ट' ऐकायला 'इज'पेक्षा जोरदार वाटते, पण सांगते त्याहून कमी. माणूस समोर बसलेला दिसत असताना 'ही मस्ट बी हिअर' कुणी म्हणत नाही. 'मस्ट' आले की ऐकणाऱ्याला कळते की बोलणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेले नाही, खुणांवरून जोडले आहे. 'घरीच असणार' या मराठी वाक्यालाही नेमका हाच गुण आहे.

'विल'चे स्थान 'मस्ट'च्या जवळचे, पण त्याचा आधार वेगळा. 'मस्ट'ला समोरची खूण लागते, 'विल'ला सवयीची माहिती. सकाळी ठरलेल्या वेळी बेल वाजते आणि घरातले कुणी न उठताच म्हणते, 'दॅट विल बी द मिल्कमन.' मराठीत इथे 'दूधवाला असेल' येते. 'असेल' हे रूप भविष्यकाळाचे आणि 'विल बी'ही भविष्यकाळाचेच. दोन्ही भाषांनी वर्तमानातल्या अंदाजासाठी भविष्याचे रूप वापरले आहे, हे पाहून विद्यार्थी खूश होतात.

'शुड' ही अपेक्षेची खात्री. सगळे ठरल्याप्रमाणे झाले असेल तर 'द पार्सल शुड बी देअर बाय नाउ', पार्सल एव्हाना पोचायला हवे. हे क्रियापद सहसा हव्याशा किंवा ठरलेल्या गोष्टीपुरते चालते. गाडीला उशीर होईल असा अंदाज सांगायला 'द ट्रेन शुड बी लेट' विचित्र वाटते. मराठीतही 'गाडीला उशीर व्हायला हवा' म्हटले, तर बोलणाऱ्याला उशीर हवा आहे असा अर्थ निघतो. दोन्ही भाषांचे इथे एकमत आहे, म्हणून हा नियम पाठ करावा लागत नाही.

सगळ्यात खाली 'मे', 'माइट', 'कुड'. तिन्ही म्हणजे शक्यता आहे, पण पैज लावण्याइतकी नाही. 'माइट' हे 'मे'पेक्षा थोडे अधिक अनिश्चित असे पुस्तकात असते. रोजच्या बोलण्यात हा फरक बहुतेक जण पाळत नाहीत, आणि बोलताना 'माइट'च जास्त ऐकू येते. ते केवळ 'मे'चा भूतकाळ नाही, वर्तमान आणि भविष्याबद्दलही ते सर्रास येते, हे इथे सांगून टाकावे लागते.

मराठी विद्यार्थ्यांची सगळ्यात चिवट चूक याच पायरीवर होते. 'तो घरी असू शकतो' याचे शब्दशः इंग्रजी करून ते 'ही कॅन बी अ‍ॅट होम' म्हणतात. एखाद्या ठरावीक माणसाबद्दल, ठरावीक वेळी केलेल्या अंदाजाला होकारार्थी वाक्यात 'कॅन' चालत नाही. तिथे 'कुड', 'मे' किंवा 'माइट' लागते. 'कॅन' येते ते सर्वसाधारण शक्यतेसाठी. जुलैत कोकणातला घाटरस्ता दरड कोसळून बंद होऊ शकतो, हे 'कॅन'ने सांगता येते, कारण ते नेहमी लागू असलेले विधान आहे. आज, या क्षणी तो घाट बंद असू शकेल, हे मात्र 'माइट'चे काम. मराठी दोन्हीकडे 'शकणे' वापरते, म्हणून हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो आणि त्याची पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागते.

दुसरी हमखास चूक भविष्याबद्दलची. 'उद्या पाऊस पडणारच' या खात्रीसाठी 'इट मस्ट रेन टुमारो' लिहिले जाते. तर्काचा 'मस्ट' आत्ताच्या आणि होऊन गेलेल्या गोष्टींबद्दल चालतो. पुढे घडायच्या घटनेबद्दल 'विल' किंवा 'इज बाउंड टु' वापरतात. 'इट मस्ट रेन टुमारो' ऐकणाऱ्याला उद्या पाऊस पडलाच पाहिजे असा शेतकऱ्याचा धावा ऐकू येईल, अंदाज ऐकू येणार नाही.

नकाराकडे वळले की मराठीची मदत संपते आणि अडचण सुरू होते. मराठीत सगळ्या पायऱ्या एका 'न'ने उलटतात : असणार-नसणार, असेल-नसेल, असावा-नसावा. म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही प्रत्येक क्रियापदाला 'नॉट' जोडतात आणि तीन ठिकाणी फसतात. खात्रीच्या 'मस्ट'चा नकार बहुधा 'कान्ट' होतो : 'ही कान्ट बी अ‍ॅट होम', तो घरी असणे शक्य नाही. 'ही मस्टन्ट बी अ‍ॅट होम' हे बहुतेक वेळा बंदीसारखे ऐकू येते. अमेरिकी इंग्रजीत मात्र न जोडता उच्चारलेले 'मस्ट नॉट' तर्कासाठीही येते, त्यामुळे चित्रपट पाहणारे विद्यार्थी ते पुरावा म्हणून आणतात आणि त्यांचे बरोबरच असते. दुसरी जागा 'कुड'ची. 'ही माइट नॉट बी अ‍ॅट होम' म्हणजे कदाचित नसेल. 'ही कुडन्ट बी अ‍ॅट होम' म्हणजे असणे शक्यच नाही. होकारात शेजारी बसणारी ही दोन क्रियापदे नकारात विरुद्ध टोकांना जातात. तिसरी जागा 'मे नॉट'ची. 'यू मे नॉट लीव्ह' म्हणजे परवानगी नाकारली. 'ही मे नॉट लीव्ह' म्हणजे तो कदाचित निघणार नाही, किंवा त्याला निघायची परवानगी नाही. जिथे संदिग्धता परवडणार नाही तिथे 'माइट नॉट' सुरक्षित.

भूतकाळाच्या अंदाजात दोन भाषांची रचना समोरासमोर ठेवण्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. मराठीत 'आला असेल', 'येत असेल', 'येणार असेल' या तिन्ही रूपांत अंदाज 'असेल'मध्ये आहे आणि काळ मुख्य क्रियापदात. इंग्रजीत अंदाजाचे क्रियापद पुढे बसते, काळ मागून येतो : 'माइट हॅव कम', 'माइट बी कमिंग', 'माइट बी गोइंग टु कम'. हा आडवा तक्ता एकदा वहीत उतरला की 'ही मस्ट केम' आणि 'ही मे कम्स'सारखी वाक्ये कमी होत जातात. कारण विद्यार्थ्याला दिसते की पुढचे क्रियापद कधी बदलत नाही आणि त्याच्या लगेच मागे येणारे क्रियापद नेहमी मूळ रूपात असते, मग ते 'हॅव' असो की 'बी'.

ऐकताना मात्र वेगळी अडचण येते. बोलण्यात 'मस्ट हॅव'चे 'मस्टव्ह' होते आणि घाईत 'मस्टा'ही होते. 'हॅव' इतके पुसट होते की इंग्रजी मातृभाषा असलेले काही लोकही लिहिताना त्याऐवजी 'ऑफ' लिहून बसतात. परदेशी ग्राहकाचा फोन घेणाऱ्याला हा अर्धा आवाज ओळखता आला नाही, तर भूतकाळातला अंदाज वर्तमानातला वाटतो. म्हणून हे रूप केवळ लिहून शिकवणे पुरेसे नसते. ते ऐकवूनही शिकवावे लागते.

भूतकाळातच एक फरक असा आहे, ज्यात चूक झाली तर बातमी बदलते. 'ही मे हॅव ड्राउन्ड' म्हणजे तो बुडाला असेल, अजून कळलेले नाही, शोध चालू आहे. 'ही कुड हॅव ड्राउन्ड' याचा अर्थ बहुतेक वेळा तो बुडाला असता, पण वाचला. 'माइट हॅव' संदर्भानुसार दोन्हीकडे जाते. मराठीत 'बुडाला असेल' आणि 'बुडाला असता' यांत लहान मूलही गोंधळत नाही. विद्यार्थ्याने आधी मराठी वाक्य मनात पक्के करावे, 'असेल' आहे की 'असता' हे पाहावे, आणि मगच इंग्रजी क्रियापद निवडावे. मराठीतून विचार करू नका, असा सल्ला इंग्रजीच्या वर्गांत सर्रास दिला जातो. या जागी तो सल्ला नुकसान करतो.

अंदाजाच्या प्रश्नांत 'मस्ट' सहसा येत नाही. 'कोण असेल बरं?' याला 'हू कॅन दॅट बी?' किंवा 'हू कुड इट बी?' म्हणतात. होकारात नाकारलेले 'कॅन' प्रश्नात परत येते, हे एका वाक्यात सांगून पुढे जाता येते. तसेच जोडून लिहिलेले 'मेबी' म्हणजे 'कदाचित' हे क्रियाविशेषण, ते वाक्याच्या सुरुवातीला येते. तोडून लिहिलेले 'मे बी' म्हणजे 'असेल', ते कर्त्यानंतर येते. 'मेबी ही माइट' असे दोन्ही एकत्र केले तर चूक मोठी नाही, पण एकाने भागते.

नियम संपल्यावर सराव काय द्यायचा, हा शिकवणाऱ्यापुढचा खरा प्रश्न असतो. गाळलेल्या जागांचा उपयोग मर्यादित आहे, कारण त्यांत विद्यार्थ्याजवळ खुणा नसतात. ज्याला काही माहीत नाही त्याला 'मस्ट' आणि 'माइट' यांतून निवडायला सांगणे म्हणजे त्याला नाणे उडवायला सांगणे. उपयोगी ठरतो तो हरवलेल्या पिशवीचा सराव. पिशवी कुणाची ते ठाऊक नाही, वस्तू एकेक करून बाहेर येतात. कर्जत ते मुंबईचा रेल्वेचा मासिक पास : 'शी मस्ट लिव्ह इन कर्जत'. कुणीतरी म्हणते, पास आहे म्हणून ती बाईच कशावरून, आणि कर्जतचीच कशावरून? मग 'दे माइट लिव्ह इन कर्जत'. पासवरचे नाव दिसते आणि ती स्त्री आहे हे कळते, आता 'इज'. मग निघते लाल पेन आणि तपासलेल्या वह्या : 'शी मस्ट बी अ टीचर'. शेवटी शाळेच्या प्राचार्यांना लिहिलेला, पालक म्हणून सही केलेला अर्ज निघतो, आणि 'मस्ट' खाली उतरून 'माइट' होतो. प्रत्येक नव्या वस्तूबरोबर आधीचे वाक्य बदलावे लागते.

या सरावाचा एकच नियम असतो. कुणीही अंदाज सांगितला की बाकीच्यांनी विचारायचे, 'कशावरून?' उत्तर देता आले आणि दुसरा अर्थ निघत नसला तर 'मस्ट' टिकतो. उत्तर आहे पण दुसराही अर्थ निघतो, तर 'माइट'. उलट पुरावा आहे, तर 'कान्ट'. स्वतः पाहिले आहे, तर अंदाज कशाला, 'इज' म्हणावे. हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या घरातला, चावडीवरचा, रोजचा. त्याचे इंग्रजी करायची गरज पडत नाही. नियमांची यादी विसरलेला विद्यार्थीही या प्रश्नाच्या आधाराने योग्य क्रियापदापाशी पोचतो.

या क्रियापदांना आकडे जोडता येतात का, असे तांत्रिक क्षेत्रातले विद्यार्थी आवर्जून विचारतात. उत्तर नाही असेच द्यावे लागते, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेच्या सीआयएमधले विश्लेषक शर्मन केंट यांनी 1964 सालच्या एका निबंधात असा अनुभव नोंदवला आहे. 1951 साली युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' असल्याचे त्यांच्या गटाने अहवालात लिहिले होते. पुढे सहकाऱ्यांना त्या शब्दांचा अर्थ टक्क्यांत विचारला, तर उत्तरे 20 पासून 80 पर्यंत आली. एकाच वाक्यावर सह्या करणाऱ्यांच्या मनात इतके अंतर होते. म्हणून ज्या क्षेत्रांना नेमकेपणा हवा ती शब्दांची व्याख्या आधीच ठरवतात. हवामान बदलावरच्या आयपीसीसीच्या अहवालांत 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के. भारतीय हवामान विभागाच्या अंदाजपत्रकांत हाच शब्द 25 ते 50 टक्क्यांसाठी ठरवलेला आहे. शब्द एक, मोजमाप दोन. 'मस्ट' आणि 'माइट'ला तर अशी व्याख्याच नसते. ते आकडा सांगत नाहीत, पुराव्याशी असलेले नाते सांगतात.

शेवटी एक बाजू सौजन्याची आणि एक जबाबदारीची. ग्राहकाला 'यू मस्ट हॅव एंटर्ड द राँग पासवर्ड' म्हटले तर तर्क बरोबर असूनही ठपका ठेवल्यासारखे होते. 'यू माइट हॅव' म्हटले तर त्याला मान राखून तपासायला जागा मिळते. इथे खात्री असूनही खालची पायरी निवडणे योग्य. याच्या उलट, रुग्णाला औषधाची मात्रा दिली की नाही, वीजपुरवठा खरोखर बंद केला की नाही, अशा नोंदींत कोणतीच पायरी चालत नाही. तिथे 'मस्ट हॅव बीन गिव्हन' हे व्याकरणाने शुद्ध आणि कामाच्या दृष्टीने धोकादायक वाक्य आहे. 'दिलं असेल' असे मनात आले की लिहिणे थांबवून जाऊन पाहावे, आणि मग 'वॉज गिव्हन' किंवा 'वॉज नॉट गिव्हन' लिहावे.

इंग्रजी शिकवणाऱ्यांनी या क्रियापदांचा धडा 'पाहिजे' आणि 'शकतो' यांवर संपवू नये. 'असणार', 'असेल', 'असावा' इथपर्यंत तो नेला, तर विद्यार्थ्याला आपल्या ज्ञानाची मर्यादा दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे सांगता येते. नोकरीच्या जागी शुद्ध उच्चारापेक्षा आणि मोठ्या शब्दसंग्रहापेक्षा या कौशल्यावर लोकांचा विश्वास अधिक बसतो.